"सून घरीच राह्यते": एका उत्तराची चौकशी

ओसरीतल्या बाजेवर बसलेल्या बाबाजींनी सुनेबद्दलचा प्रश्न ऐकला, तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि सांगितलं, "सून ना? ते घरीच राह्यते. काही नाही करत." मी पाहणीच्या फॉर्मवर तिच्या ओळीत ९२ लिहिलं. ९२ म्हणजे फक्त घरकाम. हा आकडा पडला की बाई श्रमशक्तीच्या हिशेबातून बाहेर. ती स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही, मीही तिला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पांदणीत तीच बाई समोरून आली. डोक्याला रुमाल, त्यावर भाकरीचं गाठोडं, हातात पाण्याची कॅन, लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट. कापूस वेचायला निघालेली बाई विदर्भात लांबूनही ओळखू येते ती या शर्टावरून. सोबत आणखी तिघी, त्यातली एक अगदी कोवळी पोर. "कुठं निघाल्या?" असं विचारल्यावर हसून म्हणाली, "कुठं जाणार सरजी, वावरात."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समाजशास्त्र शिकवतो. अभ्यासक्रमात संशोधन पद्धतींचा एक पेपर असतो आणि मुलं तो गुणदोषांच्या तक्त्यानं सोडवतात. डाव्या बाजूला सर्वेक्षणाचे पाच गुण, उजव्या बाजूला पाच दोष. मुलाखतीचं तसंच, निरीक्षणाचं तसंच. वर्षानुवर्षं हे तक्ते तपासून कंटाळा आला होता. म्हणून एका डिसेंबरात ठरवलं की एकच गाव घ्यायचं, एकच प्रश्न घ्यायचा आणि तो वेगवेगळ्या पद्धतींनी विचारून बघायचा. गाव कोरडवाहू, कापूस, सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. गावाचं नाव देत नाही, तसं कबूल केलं आहे. प्रश्न होता: इथल्या बायका काय काम करतात? प्रश्न मुद्दाम सोपा निवडला होता. तो सोपा आहे हा माझा समज पहिल्या दोन दिवसांतच गेला.

फॉर्म

फॉर्म मी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या धर्तीवर बनवला होता. तिथं प्रत्येक माणसाच्या नावापुढं एक आकडा पडतो. ११ म्हणजे स्वतःचा व्यवसाय करणारा, २१ म्हणजे घरच्याच व्यवसायात बिनमजुरीची मदत करणारा, ५१ म्हणजे रोजमजूर, ९१ म्हणजे शिकणारा, ९२ फक्त घरकाम, ९३ घरकाम आणि शिवाय सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणं वगैरे. मुळात पाहणीत दोन पायऱ्या आहेत. गेल्या वर्षभरात जास्तीत जास्त वेळ कशात गेला ते मुख्य काम. त्याखेरीज वर्षात ३० दिवस किंवा जास्त जे केलं ते दुय्यम काम. फॉर्म एकाच पानात बसावा म्हणून दुसरी पायरी मी काढून टाकली होती. हे कोणा संस्थेचं पाप नाही, माझंच आहे.

ही चूक करणारा मी पहिला नाही, हे जनगणनेचा इतिहास वाचताना लक्षात येतं. १९६१ च्या जनगणनेत कामकऱ्याची व्याख्या सैल होती. हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून अधिक काम केलं तरी माणूस कामकरी धरला जाई. १९७१ साली प्रश्न बदलला आणि 'मुख्य काम कोणतं' असं विचारलं गेलं. देशभरातल्या लाखो बायकांनी, किंवा त्यांच्या वतीनं घरच्या पुरुषांनी, 'घरकाम' सांगितलं आणि कामकरी स्त्रियांचा आकडा धाडकन खाली आला. दहा वर्षांत बायका वावरातून उठून घरात जाऊन बसल्या असतील, असं कुणालाच पटलं नाही. १९८१ ला मग मुख्य आणि सीमांत असे दोन कप्पे केले, वर्षात १८३ दिवसांची रेघ मारून; त्याहून कमी दिवस काम केलं तर सीमांत. १९९१ ला प्रश्नातच शब्द घातले की शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं कामही धरा. तीस वर्षं एका प्रश्नाचे शब्द इकडचे तिकडे होत राहिले आणि दर वेळी हिशेबातल्या बायकांची संख्या बदलत राहिली.

अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर आवर्ती श्रमशक्ती सर्वेक्षणाचं, म्हणजे रोजगाराच्या सरकारी पाहणीचं. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून श्रमशक्ती. १५ वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्के झाला. वाढीतला मोठा वाटा स्वयंरोजगाराचा, त्यात घरच्या शेतीत मदत करणाऱ्यांचा. बायका खरंच जास्त काम करू लागल्या की आधीपासून चाललेलं काम आता नोंदलं जाऊ लागलं, यावर अर्थतज्ज्ञ भांडत असतात. मला या भांडणात उतरायचं नाही. पांदणीत जे पाहिलं त्यानंतर मी एवढंच म्हणेन की दुसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नये.

तरी फॉर्मबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. जे फॉर्मनं दाखवलं ते दुसऱ्या कुठल्याच पद्धतीनं दिसलं नसतं. मुलांनी दोन दिवसांत गावातलं जवळपास प्रत्येक घर केलं. रात्री फॉर्म पसरून बसलो तेव्हा दिसलं की भूमिहीनांच्या घरात ५१ बिनदिक्कत पडलाय. "मजुरीले जाते" हे वाक्य तिथं सरळ येत होतं, बाई स्वतःच सांगत होती. ९२ चे आकडे साचले होते ते पाच-दहा एकरवाल्या घरांत, आणि त्यातल्या बहुतेक फॉर्मवर उत्तर देणारा म्हणून सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं नाव होतं. म्हणजे चूक गावभर विखुरलेली नव्हती. ती एका थरात, विशिष्ट माणसांच्या तोंडून येत होती. एकाच घरी महिनाभर मुक्काम ठोकला असता तर मला एक घर कळलं असतं, हा थर कळला नसता.

शब्द

मुलाखतींसाठी एका विद्यार्थिनीला पुढं केलं. ती त्याच तालुक्यातली, वऱ्हाडी बोलणारी. तिनं पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट पकडली जी मला इतकी वर्षं इथं राहून कळली नव्हती. या गावात 'काम' आणि 'कामाले जाणं' याचा अर्थ दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं जाणं. स्वतःच्या वावरात जाणं हे काम नाही, ते 'वावरात जाणं'. ढोरांचं शेणपाणी, दूध, सरपण हे 'घरचं'. म्हणून "सून काय काम करते?" असं विचारलं की सासरा मनातल्या मनात "सून मजुरीला जाते का?" असं ऐकतो आणि "नाही" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. माझाच प्रश्न खोटा होता.

त्या "नाही"त आणखी काही होतं. सासूबाई मुलाखतीत ताठ बसून म्हणाल्या, "आमच्या घरच्या बाया कोणाच्या वावरात नाही जात." हे वाक्य गावात अब्रूचं आहे. घराची स्थिती जरा सुधारली की पहिल्यांदा सुना-लेकींना मजुरीतून काढून घेतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी संस्कृतीकरणाच्या, म्हणजे वरच्या मानलेल्या जातींच्या चालीरीती उचलण्याच्या, संदर्भात हे फार पूर्वी नोंदवलेलं आहे. बाबाजींचं "काही नाही करत" हे माहिती म्हणून कमी आणि घराची पायरी सांगणारं म्हणून जास्त ऐकायला हवं होतं. फॉर्मनं ते माहिती म्हणून ऐकलं.

मग सासूबाई म्हशीचं दूध काढायला उठल्या. सून तिथंच तूर पाखडत होती. तिनं आवाज उतरवून सांगितलं, "जातो ना आम्ही दुसऱ्याच्या वावरात. पण ते मजुरी नाही. आज ते आमच्या इथं आल्या, उद्या आम्ही त्यांच्या इथं. दिवसाले दिवस." पैसे नाहीत, किलोचा हिशेब नाही, कोणाचे किती दिवस कोणाकडं बाकी आहेत हे मात्र तिला तोंडपाठ. आमच्या कोडांच्या यादीत याला जागा शोधताना मुलांनी रात्रभर वाद घातला. स्वतःचं वावर नाही, मजुरी नाही, मदतनीस म्हणावं तर कोणाची?

मुलाखत म्हणजे माणसाच्या आतलं ऐकण्याची पद्धत असं आम्ही वर्गात शिकवतो. पण त्या ओसरीत सासूबाई बसल्या होत्या तोवर मुलाखतीत जे मिळालं ते पाहुण्यांसाठी ठेवलेलं होतं, शोकेसमधल्या कपबशीसारखं. म्हैस पान्हवायला जेवढा वेळ लागला तेवढीच काय ती खरी मुलाखत. ही वेळ कुठल्याही वेळापत्रकात आखून मिळत नाही.

आणखी एक चूक घडली ती उतरवून घेताना, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. सून म्हणाली होती, "वावर सारं माह्यावरच हाय." दुसऱ्या एका मुलानं रेकॉर्डिंग ऐकून वहीत शुद्ध मराठीत लिहिलं: "मी शेतीकामात पतीला मदत करते." त्यानं जाणूनबुजून काही केलं नव्हतं. त्याला वऱ्हाडी बोलीची लाज वाटत होती आणि शेतकऱ्याची बायको म्हणजे मदत करणारी, हे त्याच्या डोक्यात आधीच बसलं होतं. शुद्धलेखन सुधारता सुधारता त्यानं बाईला मालकिणीवरून मदतनीस करून टाकलं. मी रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं नसतं तर हे वाक्य माझ्या अहवालात 'प्रतिसादक म्हणते' असं म्हणून छापलं गेलं असतं. तेव्हापासून माझ्या वर्गात मुलाखत जशी बोलली गेली तशीच उतरवायची, ळ चा य झाला असेल तर य च लिहायचा.

ओटी

निरीक्षणाला मी स्वतः गेलो आणि तासाभरात परत आलो. मी धुऱ्यावर बसलो की बायकांचं बोलणं बंद पडायचं. एकीनं तर पदर सावरत विचारलं, "सर, तुम्हाले कॉलेज नाही का आज?" त्यातून घ्यायचा तो अर्थ मी घेतला. त्या विद्यार्थिनीनं मात्र पाच दिवस त्यांच्यासोबत कापूस वेचला.

तिच्या पहिल्या दिवसाच्या टिपणाला तोड नाही. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसं कमरेवरचं वजन कसं पुढं ओढतं. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या मुळाशी कशी टोचतात. सकाळी दव असताना वेचलेला कापूस ओला भरतो म्हणून जाणती बाई दव उतरेपर्यंत दुसरं काही करते. दोन्ही हातांनी वेचताना डोळे पुढच्या झाडावर असतात. हे सगळं तिनं एका बसल्या बैठकीत लिहिलं. पाचव्या दिवसाच्या टिपणात सहा ओळी होत्या, त्यातली एक अशी: "आज कालसारखंच." काल काय झालं होतं ते तिला आता दिसेनासं झालं होतं. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरात राहिले, आणि १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांच्या तयार टिपणांची राख झाली. पुढे त्यांनी आठवणीवर लिहिलं. टिपणं जळणं हा जगजाहीर अपघात झाला. नजर सरावल्यामुळे जी टिपणं मुळात लिहिलीच जात नाहीत, ती कुठल्या हिशेबात धरायची?

दुसरी अडचण ओळखीची आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ दरम्यान जे प्रयोग झाले, त्यांचं नाव घेऊन आम्ही शिकवतो की पाहणारा आला की पाहिली जाणारी माणसं बदलतात. इथं उलटही झालं. तिसऱ्या दिवसापासून बायकांनी पाहणारीलाच कामाला लावलं. एकीचा बँकेचा अर्ज, एकीच्या पोराचा जातीचा दाखला. दुपारची भाकर खाताना ती वही काढायची ती त्यांच्या कागदांसाठी. तिला वाटलं आपलं निरीक्षण बिघडलं. मला वाटलं ते आत्ता कुठं सुरू झालं, कारण कागद भरताना घरातला सगळा कारभार बोलण्यात येत होता.

त्या पाच दिवसांत दिसलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेचणीची नव्हतीच. सून वेचत होती, पण त्याआधी आदल्या रात्री घरोघर जाऊन उद्या कोण येणार हे तीच पक्कं करत होती. मजुरीनं बोलावलेल्या दोघींचा कापूस संध्याकाळी तीच काट्यावर जोखायची, किलोवर किती झाले ते तीच सांगायची, कोणाची उचल कापायची तेही तिलाच ठाऊक. कोणत्या तुकड्यातला माल आधी विकायचा आणि कोणता भाव चढेपर्यंत घरात ठेवायचा, यावर ती नवऱ्याशी फोनवर बोलायची. फोनवर, कारण नवरा हंगामभर तालुक्याच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि रविवारीच गावात यायचा.

आता माझा फॉर्म पुन्हा काढून बघा. नवऱ्याच्या ओळीत ११, स्वतःची शेती. बायकोच्या ओळीत ९२, फक्त घरकाम. जो वावरात नव्हता त्याला मी शेतकरी लिहिलं होतं आणि जी वावर चालवत होती तिला घरी बसवलं होतं. चुकून २१ लिहिलं असतं, मदतनीस, तरी ते अर्धंच खरं झालं असतं. मदतनीस माणूस दुसऱ्याचा पगार ठरवत नाही.

पण याच निरीक्षणावर अहवाल लिहिला असता तर दुसरं खोटं झालं असतं. पाच दिवस, ते डिसेंबरातले, ऐन दुसऱ्या वेच्याचे. जूनमध्ये सरकी टोबताना, जुलै-ऑगस्टमध्ये निंदणाला, सोयाबीनच्या सोंगणीला चित्र काय असतं ते विद्यार्थिनीला ठाऊक नव्हतं. नवरा जूनमध्ये घरीच असतो, पेरणी आणि डवरणी तो करतो, हे नंतर कळलं. म्हणजे वर्षभराच्या हिशेबानं त्याचं ११ अगदीच खोटं नाही.

चोवीस तास आणि कागद

वेळेच्या वापराची पाहणी हा प्रकार मुलांना सगळ्यात शास्त्रीय वाटला. देशात ती १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत करून पाहिली गेली होती, त्यात महाराष्ट्र नव्हता. देशभराची पहिली २०१९ ची, दुसरी २०२४ ची. कालच्या पहाटे चारपासून आजच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत काय काय केलं ते विचारायचं. बिनपगारी घरकामात दिवसाला बायकांचे २९९ मिनिटं आणि पुरुषांचे ९७, असं २०१९ मध्ये निघालं. २०२४ मध्ये २८९ आणि ८८. जे लोक ते काम करतात त्यांची ही सरासरी, म्हणजे ज्या पुरुषानं घरात हात लावला नाही तो ९७ मध्ये धरलेलाच नाही. हे वाक्य बातम्यांत बहुधा गाळलं जातं.

आमच्या गावात घड्याळच आडवं आलं. "साडेपाच ते सहा काय केलं?" याला उत्तर नसायचं. "पहिली एस.टी. गेली तवा", "लाइन आली तवा", "शाळेची घंटा झाली तवा", असं विचारलं की दिवस भराभर उलगडायचा. मग आम्ही अर्ध्या तासांच्या चौकटी खोडून एस.टी., लाइन आणि घंटा यांच्याच खुणा केल्या. शास्त्रीयपणा थोडा गेला, दिवस जास्त मिळाला. रात्री तुरीच्या शेंगा सोलताना पोराचा पाढा म्हणवून घेणं आणि चुलीवरच्या आंबाडीकडं लक्ष ठेवणं, ही तीन कामं एका चौकटीत कशी लिहायची याची सोय मूळ पाहणीत आहे. पण उद्याच्या बायका कुठून आणायच्या याची काळजी कुठल्या चौकटीत लिहायची? तिला वेळ लागत नाही, ती दुसऱ्या कामांच्या पोटात चालू असते.

कागदपत्रांचं लवकर आटोपलं. सातबारावर जमीन सासऱ्याच्या नावे. गाव नमुना १२ मध्ये पीक आणि क्षेत्र आहे. ते पीक कोणत्या बाईनं वाढवलं हे त्यावरून कळत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकांच्या नावे जमीन करायला लावली होती ते वयस्क माणसांना आठवत होतं, "पण आपल्या इथं नाही झालं ते" असं म्हणून विषय संपला. एक गंमत मात्र सापडली. रोजगार हमीच्या जॉबकार्डावर सुनेचं नाव होतं. घरी बसणारी, मजुरीला न जाणारी ती बाई सरकारदरबारी काम मागणारी म्हणून नोंदलेली होती. सासऱ्यानंच नोंदवलं होतं. कागदाला अब्रू नसते आणि सरकारी कामावर जाणं म्हणजे कोणाच्या वावरात जाणं नव्हे, अशी त्यामागची समजूत असावी. हा माझा अंदाज, त्यांनी तसं म्हटलं नाही.

कोणतं खरं?

मुलांना निकाल हवा होता. फॉर्म हरला, निरीक्षण जिंकलं, असं काहीतरी. मी त्यांना लापियरची गोष्ट सांगितली. हा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९३०च्या सुमारास एका चिनी जोडप्यासोबत गाडीनं देशभर फिरला. चिन्यांविरुद्ध उघड तिटकारा असलेला तो काळ. हॉटेलं आणि खानावळी मिळून २५१ ठिकाणी ते गेले आणि एकाच ठिकाणी त्यांना नाकारलं गेलं. सहा महिन्यांनी त्यानं त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' लिहिलं. हे त्यानं १९३४ मध्ये छापलं. ही गोष्ट बहुधा प्रश्नावलीची फजिती म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. पत्राला उत्तर देताना हॉटेलवाला आपल्या गावाला उत्तर देत होता. दारात उभ्या असलेल्या, नीटनेटक्या कपड्यांतल्या हसतमुख जोडप्याला उत्तर देताना तो गिऱ्हाइकाला उत्तर देत होता. दोन्ही वेळी उत्तर देणारा तोच असला तरी प्रश्न वेगळे होते.

बाबाजींचंही तसंच. अनोळखी सरांना दिलेलं "घरीच राह्यते" हे गावाला दिलेलं उत्तर. त्यातून घराच्या अब्रूची रेघ कुठून जाते ते कळतं, आणि हे वावरात पाच दिवस कापूस वेचून कळलं नसतं. म्हणून पद्धतींची सरासरी काढायची, चौघींचं मत घेऊन बहुमतानं खरं ठरवायचं, हा प्रकार मला पटत नाही. बाहेरच्या पुस्तकांत याला त्रिकोणीकरण म्हणतात आणि जमीन मोजणीतला तो शब्द ऐकला की वाटतं, तीन बाजूंनी साखळी टाकली की बिंदू सापडणारच. आमच्या बाबतीत साखळ्या एका बिंदूवर आल्याच नाहीत. कुठं आणि किती फरक पडला, हाच आमच्या हाती लागलेला माल.

क्रमाबद्दल मात्र माझं मत ठाम झालं. आधी फॉर्म आणि मग 'सखोल' काम, हा कॉलेजातला रिवाज उलटा आहे. आधी आठ दिवस गावात नुसतं हिंडावं, 'काम' या शब्दाचे किती अर्थ आहेत ते ऐकावं, मग फॉर्म छापावा. आम्ही जानेवारीत नवा फॉर्म केला. त्यात 'काम' हा शब्द नव्हता. गेल्या वर्षी मजुरीनं कोणाच्या वावरात गेल्या का, फेडीनं, म्हणजे दिवसाले दिवस, गेल्या का, स्वतःच्या वावरात गेल्या का. मजुरांना कोण बोलावतं, चुकारा कोण करतं. आणि उत्तर जिचं तिनंच द्यायचं, सासऱ्यानं नाही.

नवा फॉर्म घेऊन त्याच घरी गेलो. बाबाजींच्या कानावर आधीच गेलं होतं. म्हणाले, "सरजी, मागच्या बारीले घरी लिवलं होतं ना? मग आता काऊन बदलवता? पोरीची सोयरीक पाहू रायलो आम्ही. सून कामाले जाते म्हणून लोकायच्या तोंडी झालं तर?" फॉर्मवर नावं नसतात, आकडे असतात, हे मी समजावलं. ते त्यांना पटलं असं मला वाटत नाही, पण पाहुण्याला नाही म्हणायचं नाही म्हणून गप्प बसले. मी खरं काय ते नोंदवायला आलो होतो आणि ते नोंदवल्यानं त्यांचं काय जाऊ शकतं याचा विचार त्यांनी बोलून दाखवेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. शेवटी त्यांच्यासमोरच वरच्या कोपऱ्यातला घर क्रमांक खोडून तिथं आमचा खुणेचा आकडा टाकला, तेव्हा ते जरा सैल झाले.

सुनेला तिची ओळ वाचून दाखवली. तिनं विचारलं, "ह्यांच्या पुढं काय लिवलं?" अकरा, म्हणजे शेती, असं विद्यार्थिनीनं सांगितलं. "मग माह्यापुढं बी तेच लिवा ना." विद्यार्थिनीनं माझ्याकडं पाहिलं. कागदोपत्री जमीन ना तिच्या नावावर ना नवऱ्याच्या, आणि एका वावराचे दोन कर्ते लिहावेत की नाही यावर परतीच्या एस.टी.त आमचा तासभर वाद झाला. मी २१ म्हणत होतो, ती ११. तालुका यायच्या आत मी हरलो.

दुरुस्त केलेला फॉर्म संगणकावर चढवताना सुनेच्या लहान नणंदेची ओळ समोर आली. तिथं पहिल्या दिवसापासून ९१ आहे, शिक्षण. तेही बाबाजींनीच सांगितलेलं. पांदणीत त्या सकाळी शर्ट घातलेल्या चौघी होत्या. त्यातली ती कोवळी पोर कोण होती, हे आम्ही विचारलंच नाही. मार्चमध्ये परीक्षा आहेत, त्याआधी एक फेरी मारावी लागणार.